इतवारचं नेट

बाई कुठल्याही वस्तूवरून आधी बोट फिरवायच्या आणि मग ते बोट समोरच्याच्या नाकापुढे धरायच्या.

"पाह्य."

बोटाचं टोक काळं झालेलं असे.

"सकाळीच पुसलं होतं."

तुमच्यापैकी कुणी कोळशाच्या गावात राहिलं असेल तर त्यांना हे बोट ओळखीचं वाटेल. आमच्याकडे धूळ दार वाजवून येत नाही. वाळत घातलेल्या ओढणीवर, झाकलेल्या वरणावर, परीक्षेच्या पेपरवर, सगळीकडे ती आधीच येऊन बसलेली असते. बाकीचे लोक तिच्याशी जुळवून घेतात. बाईंनी घेतलं नव्हतं.

बाईंचं घर ऊर्जानगरच्या बाहेर, रस्त्यापासून जरा आत होतं. मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. बाई वीज केंद्राच्या स्टोअरमधून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर त्यांना तिथे नोकरी लागली आणि सगळं आयुष्य यंत्रांचे सुटे भाग सांभाळण्यात गेलं. स्टोअरमध्ये बेअरिंग तेलकट कागदात, कागद डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला. "धूळ लागली का बेअरिंग गेला समज," त्या सांगायच्या. घरही त्यांनी तसंच मांडलं होतं. टीव्हीला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, गॅसच्या शेगडीवर चादर. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोलाही पारदर्शक पिशवी होती. बुद्ध त्यातून शांतपणे बघत असे.

मी सिरोंच्याकडची. आमची धानाची शेती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी काय शिकते हे घरात कुणालाही नीट सांगता येत नसे. बाबा लोकांना "पोरगी झाडांचं शिकून राह्यली" असं सांगत. लोक म्हणत, "झाडं तं आपल्या इथीही आहेत."

माझ्याकडे एक लॅपटॉप होता. कॉलेजातल्या एका मॅडमनी नवा घेतला तेव्हा जुना मला दिला. तो उचलला की खांदा दुखायचा. त्याची बॅटरी मेलेली, त्यामुळे चार्जरची पिन निघाली की तो जागच्या जागी बंद पडे. तारीख लक्षात ठेवणारा आतला छोटा सेलही संपलेला. दर वेळी चालू केला की तो मी शाळेत असतानाची तारीख दाखवायचा. तारीख चुकली की एकही वेबसाइट उघडत नाही, सगळीकडे धोक्याचा तांबडा त्रिकोण येतो, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी वायफायला, कंपनीला, स्वतःला, सगळ्यांना दोष देऊन झाला होता. मग रोज सकाळी पहिलं काम तारीख टाकायचं. मी बडबडत टाकायचे आणि मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बाई ऐकायच्या.

"आज कोणता दिवस आहे ते तुया लॅपटॉपले रोज सांगा लागते?"

"हो ना बाई."

"म्हातारा झाला तो."

तारीख दुरुस्त झाली तरी नेट यायचं नाही, ही खरी रड होती. बाईंची मुलगी पुण्याला असते. आईला नातीचा चेहरा दिसावा म्हणून तिने घरी वायफाय बसवून दिलं होतं. भाड्यातच मलाही ते वापरायची परवानगी होती. पण माझ्या खोलीत यादीत नाव दिसे, 'पीहूची आजी', आणि त्याच्यापुढे एकच बारीक रेघ. जोडलं जाई, तुटे. पुन्हा जोडलं जाई, गोल फिरत बसे.

मी काय काय केलं नाही! लॅपटॉप बंद-चालू केला. जोडणी काढून टाकून पासवर्ड नव्याने टाकला. मैत्रिणीच्या घरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणून पुन्हा बसवला. लॅपटॉप खिडकीत ठेवला, पलंगावर ठेवला, एकदा तर स्टुलावर स्टूल ठेवून वर ठेवला. चंद्रपूरला दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडलासुद्धा नाही. म्हणाला, "ताई, याले आता किल्ल्यात नेऊन ठेवा. तिकीट लावा." दुकानातली माणसं हसली. मीही हसले. ऑटोत बसल्यावर मात्र डोळ्यांत पाणी आलं.

फोनवरून नेट घ्यायचं तर मागच्या खोलीत टॉवरही धड मिळत नसे, आणि रोजचा डेटा एका व्हिडिओत संपायचा.

बाईंचं मत ठाम होतं. "आमच्या नेटले काही नाई झालं. इतवारी कसा पळते ते पाह्य."

हे मात्र खरं होतं. रविवारी नेट पळायचं! सकाळपासून रेघा भरलेल्या, पानं फटाफट उघडायची. मी आठवड्याची सगळी कामं रविवारी उरकायचे. रविवारी बाईंचा मुलीशी आणि नातीशी व्हिडिओवर फोन चाले. त्यांच्या बोलण्यात आपण कशाला, म्हणून मी पुढच्या खोलीकडे फिरकतही नसे. रविवारी नेट का चालतं याचा मी बराच विचार केला. शेवटी ठरवलं की रविवारी कचेऱ्या बंद, म्हणून तारा मोकळ्या. बाईंना ते पटलं.

"बरोबर आहे. इतवारी लोकं झोपून राह्यतात."

दोघी समाधानी. लॅपटॉप मात्र सोमवारपासून शनिवारपर्यंत तसाच.

मग मेल आला. पुण्याच्या एका संस्थेत वनस्पतिशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी मी अर्ज केला होता. तिथे राहण्या-जेवण्याची सोय होती आणि ती नसती तर पुढचं शिक्षण माझ्यासाठी संपलंच होतं. मुलाखत ऑनलाइन होणार होती. लॅपटॉप हवा होता, कारण आमच्या गावाकडच्या मोहाच्या झाडांवर मी जो छोटा प्रकल्प केला होता त्याची चित्रं पडद्यावर दाखवायची होती. दिवस बुधवार.

मेल वाचून पहिला विचार आला: बुधवार का? इतवार का नाही?

कॉलेजच्या संगणकांवर त्या आठवड्यात परीक्षा चालू होत्या. सायबर कॅफेत खुर्च्यांना खुर्च्या लागलेल्या, तिथे मोहाबद्दल काय बोलणार? मंगळवारी दुपारी मी खोलीत सराव करायला बसले. मैत्रीण पलीकडून हॅलो हॅलो करत होती. तिचा आवाज कापला जाई, माझं चित्र गोठे. तोंड उघडं असतानाच गोठे. मी लॅपटॉपवर हात आपटला.

तेवढ्यात बाई ओलं फडकं घेऊन आल्या. काही न विचारता त्यांनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पाह्य. किती धूळ बसली. मग कसा चालन तो?"

"बाई, धुळीनं नाई होत हो ते! नेट येत नाई! तुमाले कितीदा सांगू?"

इतक्या वर आवाजात मी त्या घरात कधी बोलले नव्हते. बाई फडक्याची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या पुढच्या खोलीत बसजो. तिथी टेबल आहे," आणि गेल्या.

बुधवारी सकाळी टेबलावरचं प्लास्टिक काढलेलं होतं. त्या टेबलाचं लाकूड मी पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी नवी साडी नेसली होती, जशी काही तीही पुण्याला दिसणार होती. मी चार्जर लावला, तारीख टाकली, यादी उघडली.

'पीहूची आजी'. पुढे एकच रेघ.

मला काही कळेना. त्याच घरात, वायफाय असलेल्या खोलीत बसूनही एक रेघ? घड्याळ पुढे सरकत होतं. मी भिंती बघितल्या, टीव्हीच्या मागे डोकावले, कोपरे बघितले. लुकलुकणारा डबा कुठेच नव्हता.

"बाई, वायफायचा डबा कुठी आहे?"

"कुठी म्हणजे? जागेवर आहे."

"जागेवर म्हणजे कुठी?"

बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात पिशव्यांत घातलेल्या साड्या. साड्यांमागे पिठाचा स्टीलचा डबा. बाईंनी त्याचं झाकण काढलं. आत मलमलच्या फडक्यात, दुपट्यातल्या बाळासारखा गुंडाळलेला राउटर. डब्याला आणि कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली होती. फडक्यातून हिरवे दिवे लुकलुकत होते.

मी लॅपटॉपकडे पाहिलं. रेघा भरल्या होत्या. सगळ्या.

"इतवारी हे उघडं ठेवता?"

"मग? पीहूचा फोन कवाही येते इतवारी. सारखं कोण कुलूप काढन? झाकण काढून, दार उघडून ठेवतो दिवसभर. रात्री बंद."

लोखंडाच्या कपाटात स्टीलचा डबा, त्यात राउटर, आणि मी स्टुलावर स्टूल चढवत होते. मला ओरडायचं होतं. हसायचंही होतं.

"बाई, हे कपाटात कायले ठेवलं?"

"पहिला डबा मेला ना. दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, धूळ गेली आत. मग दुसरा येईपर्यंत पीहूचं तोंड नाई दिसलं मले. रांगाले लागली होती ती तेव्हा. दुसरा डबा आला तवा उभी राह्यली होती." बाईंनी फडक्याची घडी सारखी केली. "ते रांगणं मी पाह्यलंच नाई."

मग मी ओरडले नाही.

"आज थोडा वेळ उघडं राहू द्याल?"

बाईंनी खिडकीकडे बघितलं. वारा सुटला होता, रस्त्यावरून ट्रक जात होते. खिडकी लावली तरी धूळ कुठून येते ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"बस तू," त्या म्हणाल्या.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावरच्या चौकटीत तिघे बसले होते. मी शिकून ठेवलेलं प्रमाण मराठी बोलत होते. आमच्या गावात कुठला मोह आधी फुलतो, कुठला मागाहून, बाया कुठल्या झाडाला 'गोड' म्हणतात, ते सांगत होते. चित्रं सरकत होती. पहिल्यांदाच लॅपटॉप माझं ऐकत होता.

आणि वीज गेली. पंखा थांबला आणि पडदा काळा झाला. कपाटातले हिरवे दिवेही विझले.

वीज इथेच बनते आणि इथेच जाते, हा विनोद आमच्याकडे इतका जुना आहे की आता त्यावर कुणी हसत नाही. मी टेबलावर डोकं ठेवलं. थोड्या वेळाने पंखा फिरायला लागला. लॅपटॉप आपल्या गतीने उठला. मी घाईघाईत मुलाखतीची लिंक दाबली. तांबडा त्रिकोण. पुन्हा दाबली. पुन्हा त्रिकोण.

"गेलं बाई," मी म्हटलं. "गेलं सगळं."

"तारीख," मागून आवाज आला. "आज कोणता दिवस आहे ते सांग त्याले आधी. रोज नाई का सांगत?"

मी तारीख टाकली. तिघेही अजून तिथेच होते. एक मॅडम म्हणाल्या, "आलात? आम्हाला वाटलं, जंगलात हरवलात." मग त्यांनी चष्मा सारखा केला. "तुमच्या मागे कुणी उभं आहे का?"

मी वळून पाहिलं. बाई उघड्या कपाटासमोर उभ्या होत्या. नव्या साडीचा पदर दोन्ही हातांनी ताणून त्यांनी राउटरसमोर पडद्यासारखा धरला होता. धूळ बसू नये म्हणून. मी बोलायला लागले तेव्हापासून त्या तशाच उभ्या असणार.

"घरमालकीण आहेत," मी म्हटलं, आणि शिकवलेली भाषा कुठेतरी सांडली. "माहं नेट सांभाळून राह्यल्या."

तिघेही हसले. नंतरची उत्तरं मी घरच्याच भाषेत दिली. कुणी अडवलं नाही.

माझी निवड झाली. पेढे द्यायला गेले तेव्हा बाईंनी आधी खोक्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. मी जाईपर्यंत कपाटाचं दार रोज थोडा वेळ उघडं राहू लागलं, पण संध्याकाळी कुलूप लागायचंच. त्यावर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. मी 'बाहेर ठेवा' म्हणायचे, त्या 'तू पुसशीन का' विचारायच्या.

मी पुण्याला आल्यावर काही महिन्यांनी बाईंच्या मुलीने त्यांनाही पुण्याला नेलं. गुडघे दुखायचे, एकटं राहणं होईना. तिकडचं घर बंद आहे. सुटीत गावी जाताना मी त्या रस्त्याने गेले. मागच्या खोलीच्या खिडकीचे गज काळे झाले होते. फोनमध्ये वायफाय लावून पाहिलं. यादीत आजूबाजूची नावं आली. 'पीहूची आजी' नव्हतं.

पुण्यात आम्ही एकाच शहरात आहोत, पण त्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या. त्यामुळे रविवारी व्हिडिओवरच भेटतो. परवा बाई मुलीच्या उंच इमारतीतल्या घरात काचेच्या टेबलाशी बसल्या होत्या. मागच्या भिंतीवर राउटर खिळ्याला उघडाच टांगलेला.

"करमते का बाई?"

त्यांनी टेबलावरून सावकाश बोट फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग ते कॅमेऱ्यापुढे धरलं.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "काहीच नाई."

तेवढ्यात माझा लॅपटॉप अडकला. आवाज गेला, चित्र थांबलं. पडद्यावर बाईंचं बोट राहिलं, पांढरं स्वच्छ, आणि त्याच्यामागे त्यांचा अस्पष्ट चेहरा. लॅपटॉप बंद-चालू करायला मी हात पुढे केला आणि बटण न दाबता त्या बोटाकडे बघत बसले.