श्रावणात टंचाई बघायला

तुम्ही कधी विचारलंच नाही! तहानलेल्याला जेवण वाढलंत, जेवून उठलेल्याला पुन्हा ताट दिलंत आणि ‘मदत पोचली’ म्हणून निवांत झोपलात!

कोणाला म्हणतेय, मलाही नक्की ठाऊक नाही. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, कॉलेज संपताच मी नाशिकला सरकारी पाहणीच्या कामाला लागले, तेव्हापासून असे किस्से आमच्या जीपमध्ये धुळीसारखे साचत गेले. कुठल्या गावाला काय हवंय ते विचारायचं आणि राज्याचा निधी त्याप्रमाणे सुचवायचा, हे आमचं काम. जीपमध्ये देवरे साहेब, ड्रायव्हर निवृत्तीमामा आणि मी.

*

निफाडजवळच्या एका गावाने मागितलं, “साहेब, रस्त्यावरचे गतिरोधक काढा!”

“अहो, माणसं पडतील!”

“माणूस उठून बसतो हो. द्राक्षाचा मणी फुटला की खेळ खलास!”

*

चांदवडकडच्या गावाने कांदे साठवायला कांदाचाळ मागितली. आली शिलाई मशिनं! मी संतापून लाल झाले. तिथल्या कुंदाताईच माझी समजूत घालू लागल्या, “जाऊ द्या ताई. कांद्यांची मापं घेतलीत, आता झबली शिवतो!”

*

परतताना डोळे मिटले की मला दिसायचं, कांदाचाळी घाटावरून ढगांसारख्या तरंगत निघाल्यात, ज्याच्या त्याच्या गावी अलगद उतरताहेत...

मी हे बोलून दाखवलं, की मामा म्हणायचे, “मॅडम, तुमच्या ढगांना डिझेल लागत नाय. आपल्याला भरायचंय!”

*

पेठच्या डोंगरातल्या एका पाड्याला मात्र मी शब्द देऊन बसले होते. उन्हाळ्यात विहीर आटली की बायका दरी उतरून झऱ्यावर जात. एक लेकुरवाळी घसरली, ती अजून लंगडत होती. पुढच्या उन्हाळ्याआधी पाण्याची टाकी हवीच होती. वरून उत्तर आलं, ‘तालुक्यात पाऊस भरपूर. टंचाई नाही.’

मी इतकी भांडले, की त्या पाड्यावर कधी न चढलेले देवरे साहेब स्वतः बघायला यायला तयार झाले. त्यांना सवड मिळाली ती श्रावणात!

डोंगर धुक्यात विरघळले होते. दगडादगडातून पाणी गात होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, छत्री सावरत साहेब काठोकाठ भरलेल्या विहिरीशी उभे राहिले.

“कुठाय टंचाई? दाखवा मला!”

साहेबांनीही वर ‘नाही’ कळवलं की टाकी गेली.

शेजारच्या खाचरात भात निंदणारी एक म्हातारी इरलं सावरत उभी राहिली.

“आता नाय सायेब, ती होळीनंतर येते. तवा ये मुक्कामाला. येताना हंडा आण.”