गालिच्यावर शिंपडलेली दारू

मी गावाहून, चिखल्याहून निघाले तेव्हा शेजारच्या काशीने पिशवीत सुके बोंबील कोंबले. म्हणाली, "म्हातारे, तिकडे उकडलेलं खाऊन मरशील." घराची किल्ली तिच्याच हातात दिली. रडले नाही. डहाणू स्टेशनला न्यायला रिक्षा उभी होती, रडायला वेळ कुठे.

आता स्कॉटलंडला मुलाकडे राहते. बोंबील पहिल्याच दिवशी सुनेने गॅरेजात ठेवले. पडद्यांना वास बसतो म्हणे. सुनील तर आल्यापासून मागे लागलाय, आई, चिखल्याचं घर विकून टाकू, तिकडे आता कोण आहे आपलं. रोज तेच ऐकून मी हो म्हणायच्या बेतात आले होते.

गेल्या शनिवारी त्याचे मित्र जमले, इथल्या समुद्रकाठची व्हिस्की चाखायला. चाखायची म्हणजे पिण्याआधी ग्लास फिरवत बसायचं आणि नाक आत घालायचं. एकाला धुराचा वास आला, दुसऱ्याला शेवाळाचा, तिसऱ्याला खाऱ्या वाऱ्याचा. माना डोलावत होते. हाच वास माझ्या पिशवीला आला तर ती गॅरेजात.

मलाही थोडी दिली. कशी आहे ते सांगा म्हणाले. आमच्याकडे ताडी असो की मोहाची, माझा बाप दटावायचा, "आधी वाडवडलांना, मग तुला." हाताला तीच सवय. बोटं बुडवली आणि खाली शिंपडली. खाली पांढरा गालिचा. सून फडकं घेऊन धावली, मित्र हसले.

"आई, हे काय आपलं चिखलं गाव आहे का?" सुनील सगळ्यांदेखत म्हणाला.

मी ग्लास संपवला. विचारलंच होतं म्हणून सांगितलं, चुलीवर पाणी ओतल्यासारखा वास, मग दवाखान्याचा, शेवटी जिभेवर मीठ. वाईट नाही. पण ताडीने माणूस हसतो, हिने नुसता विचार करत बसतो.

सकाळी सुनील समजूत काढायला आला. "रात्री मीपण टाकली गं बाबांच्या नावाने."

"कुठे?"

"बेसिनमध्ये."

म्हणजे मोरीत. ज्याच्या होडीच्या कमाईवर हा शिकला, त्या बापाला खरकट्या भांड्यांत पाजली. कपाळाला हात लावला आणि सांगितलं, घर विकायचं नाही.

काशी, किल्ली कुणाला देऊ नको. आणि बाहेर गेलेल्यांनो, तुमचं तुम्ही बघा. माझ्यापुरतं घर म्हणजे शिंपडलेलं जिथे मातीत जिरतं आणि कुणी पुसायला धावत नाही.