चौदा सुया

कुत्रा पाळायचा म्हणजे भाकरी टाकली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल मासे पाळावेत. आमच्याकडं कुत्रा होता तेव्हा मी पहाटे साडेपाचला उठायचे. उठायचे कसली, तोच उठवायचा. दारावर नखं घासत बसायचा. मग त्याला रेल्वे फाटकापर्यंत फिरवून आणायचं, आल्यावर चारी पाय पुसायचे, दूध-भाकरी कुस्करून पुढं ठेवायची. सुट्टीच्या दिवशी अंगावरचे गोचिड एकेक ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायचे. महिन्यातून एकदा अंघोळ, त्यात तो भिजायचा कमी आणि मी जास्त. एवढं सगळं उरकून मी शाहूपुरीत एका गुळाच्या व्यापाऱ्याकडं टायपिंगला जायचे, आणि माझ्या साडीला बारा महिने तांबडे केस चिकटलेले असायचे.

आणला होता वडिलांनी. ते एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त व्हायच्या वर्षी डेपोत सापडलेलं पिल्लू खाकी शर्टात घालून घेऊन आले आणि म्हणाले, राहू दे, दोन दिवसांत जाईल. तो गेला नाही. आई आधीच वारलेली, बहीण लग्न होऊन मंगळवार पेठेत दिलेली, त्यामुळं आणायचं त्यांनी आणि निस्तरायचं मी, अशी वाटणी आपोआप झाली. कुत्रा दिसायला म्हणाल तर काही नाही. तांबडा, गावठी, शेपूट वर वळलेली, तसली कुत्री आमच्याकडं गल्लोगल्ली. नावही इतकं चालू की रस्त्यात हाक मारली तर तीन कुत्री मागं वळायची.

आम्ही भाड्यानं वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली मालकीणबाई. जैन घर, माणसं मूळची कानडी सीमेकडची, म्हणून सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. साठीच्या पुढची, ताठ, बोलायला फटकळ. खोली देतानाच तिनं दोन अटी घातल्या होत्या. भाडं उशिरा दिलंस तर एक वेळ चालेल, पण माझ्या घरात मांस-मच्छी शिजायची नाही आणि यायचीही नाही. आम्ही कबूल झालो. रविवारी बहिणीकडं जाऊन मटण खायचं आणि हात स्वच्छ धुऊन परत यायचं, असं आमचं ठरलेलं. आता कोल्हापुरात राहून कुत्र्याला निव्वळ दूध-भाकरीवर ठेवायचं म्हणजे त्याचे हालच की. म्हणून बहिणीकडचं अळणी, म्हणजे मसाला घालायच्या आधीचं मटणाचं पाणी, आणि दोन हाडकं एका डब्यात घेऊन यायचे आणि गल्लीच्या टोकाला, कंपाउंडाच्या मागं त्याला द्यायचे. आक्काला त्याचा पत्ता नव्हता, निदान मला तसं वाटायचं.

शहाण्णव साल असेल. त्या रविवारी मला कंटाळा आला. ऊन मी म्हणत होतं, पोट तुडुंब भरलेलं. कोण जातंय टोकापर्यंत, म्हणून डबा जिन्यातच उघडला. त्यानं हाडूक तोंडात धरलं आणि ते घेऊन सरळ खाली गेला, आक्काच्या उंबऱ्यावर. गार फरशी आवडायची त्याला. तेवढ्यात आक्का बस्तीतून, म्हणजे त्यांच्या देवळातून, आली. सोवळ्यातल्या बाईच्या उंबऱ्यावर हाडूक. तिनं कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा घेतला आणि ते बाजूला ढकलायला वाकली. तो कधी कुणाच्या अंगावर गेला नव्हता, पण हाडकापाशी कुत्रा कुणाचा नसतो. चावला. उजव्या हाताला, अंगठ्याखाली, दोन दात चांगले रुतले.

मी धावत खाली गेले. हाडूक उचलून पदरात लपवलं, आधी ते, मग तिचा हात धरला. ही गोष्ट आठवली की आजही मला माझीच लाज वाटते. आक्कानं ते बघितलं. संध्याकाळी तिचा मुलगा पेढीवरनं आला आणि भांडायला वर यायला निघाला, तर तिनंच त्याला अडवलं. कुत्रं झोपलेलं, माझा पाय पडला, असं सांगितलं. हाडकाचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर त्याच रात्री आमचं बोचकं रस्त्यावर आलं असतं.

सोमवारी मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. त्या काळी कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा सुया घ्याव्या लागत, रोज एक. त्या सुयांची दहशत अशी की माणसं पिसाळायला कमी आणि सुयांना जास्त भ्यायची. डॉक्टरांनी मला विचारलं, कुत्रं घरचं का? घरचं. यंदा टोचलंय का? आणि मी म्हणाले, टोचलंय.

टोचलं नव्हतं. आदल्या वर्षीची मुदत कधीच टळून गेली होती. गुरांच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे अर्धा दिवस रजा, तिथं म्हशींच्या रांगेत उभं राहायचं, म्हणून पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत चार महिने घालवले होते. पण डॉक्टरांसमोर, शेजारी हाताला फडकं बांधून बसलेली आक्का असताना, माझ्या तोंडून ते निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, टोचलेलं असेल तर आत्ता सुया नकोत. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. दहा दिवस धड राहिलं तर भ्यायचं कारण नाही. मेलं, बिघडलं किंवा दिसेनासं झालं तर त्याच दिवशी इकडं या. आक्काचा चेहरा इतका मोकळा झाला की येताना तिनं रिक्षाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. तो पाणी पितोय का, लाळ गळतेय का, अंधारात तोंड घालून बसतोय का, हेच बघत बसायचे. रोज सकाळी आक्का खालनं हाक मारायची, आण गं त्याला, बघू दे. मी त्याला खाली न्यायचे, तो तिच्यासमोर वाटीभर पाणी लपालपा प्यायचा, शेपूट हलवायचा. आक्का समाधानानं मान हलवायची. मीही हसायचे. मनात म्हणायचे, दहा दिवस निघून जाऊ देत, मग लगेच टोचून आणते, कुणाला कळायचं नाही.

बुधवारी संध्याकाळी घरी आले तर कुत्रा नाही. वडील खुर्चीत बसलेले, फार मोठं काम केल्यासारखे. दुपारी कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की चावरं कुत्रं म्हणून कुणीतरी तक्रार केलीय, मुन्शिपाल्टीची गाडी येणार. झालं. आमच्या चुलतभावाचा टेम्पो मुरगूडहून, म्हणजे आमच्या मूळ गावाहून, गूळ घेऊन मार्केटात आला होता, तो रिकामा परत चालला होता. वडिलांनी कुत्र्याला दोरी बांधून त्यात चढवला. आठवडाभर मळ्यात राहू दे, गाडी येऊन गेली की आणू. आमच्या घरात हीच रीत. माणूस असो की जनावर, काही वाकडं झालं की त्याला मुरगूडला पाठवायचं. धाकटा काका बारावीला नापास झाला तेव्हा त्यालाही असाच टेम्पोत घातला होता.

मी कपाळावर हात मारून घेतला. दहा दिवस तो डोळ्यासमोर असला पाहिजे हे मी त्यांना सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. टोचलं नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात खालनं आक्काची हाक आली, दुपारपासनं कुत्रं दिसलं न्हाय गं. मी कठड्यावरनं वाकून म्हणाले, झोपलाय आक्का.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पहिल्या एसटीनं मुरगूड गाठलं. चुलतभाऊ मळ्याच्या वाटेवरच भेटला. त्याच्या हातात दोरीचा तुकडा होता. रात्रीत चावून तोडली म्हणाला, आणि उसात शिरलं. दुपारपर्यंत आम्ही बांधाबांधानं हाका मारत हिंडलो. माणसं विचारायची, कसलं कुत्रं? तांबडं, शेपूट वळलेली. त्यावर एकानं समोर झाडाखाली बसलेली दोन दाखवली, घ्या की ह्यातलं कुठलं बी. त्याला चेष्टा सुचत होती, आणि मला रडू येत होतं. कुत्रा हरवला म्हणून नाही. एक म्हातारी बाई माझ्या शब्दावर चार दिवस सुई न घेता बसली होती, आणि आता तो शब्द खरा की खोटा हे दाखवायला कुत्रासुद्धा नव्हता.

परतीच्या एसटीत मी सतराशे साठ बाता जुळवल्या. गाडीखाली आला म्हणावं, चोरीला गेला म्हणावं. तसंही डॉक्टर सुया सुरू करतीलच, मग टोचलं नव्हतं हे सांगायची काय गरज. कागलच्या पुढं आले तेव्हा मात्र त्या फडक्याखालच्या हाताची आठवण झाली, आणि वाटलं, पुरे झालं आता.

आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. टोचलं नव्हतं. हाडूक मीच आणलेलं. काल झोपलाय म्हणाले तेही खोटं, तो काल दुपारीच मुरगूडला गेला आणि आता सापडत नाही. तिचा हात थांबला. मला वाटलं आता खोली सोड म्हणणार, आणि म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"हाडूक मी बघितलंतं," ती म्हणाली. "त्येचं काय न्हाय. कुत्रं मला एकदा चावलं, पोरी. तू तीन दिवस रोज ह्या जिन्यावरनं हसत गेलीस."

आणि ती परत शेंगा फोडायला लागली.

शुक्रवारपासून सुया सुरू झाल्या. मी रोज सकाळी दोन तास उशिराची परवानगी काढून तिला घेऊन जायचे. ती माझ्याबरोबर यायची, रिक्षात शेजारी बसायची, पण बोलायची नाही. सुई घेताना पडद्याआड तिचा आवाज कधी आला नाही. बाहेर आली की पोट धरून दोन मिनिटं बाकावर बसायची. तिसऱ्या दिवसापासून पोटाला गाठी आल्या, वाकता येईना. तिच्या दारातलं पाणी मी भरायला लागले, तर ते तिनं नको म्हटलं नाही आणि बरं झालं असंही म्हटलं नाही. वडील तर इतके ओशाळले होते की खाली उतरायचं झालं तर ती बस्तीत जायची वाट बघायचे.

सात सुया झाल्या त्या संध्याकाळी खाली टेम्पो थांबला. चुलतभाऊ उतरला आणि मागनं त्यानं कुत्रा खाली घेतला. एका गुऱ्हाळाजवळ काकवी चाटत बसलेला सापडला होता. अंगाला पाचट चिकटलेलं, एक कान फाटलेला, बाकी ठणठणीत. मोजून बघितलं तर चावल्याला अकरा दिवस झाले होते. म्हणजे सुटलो. मला इतका आनंद झाला की त्याला तसाच ओढत आक्काच्या दारात नेला. आक्का, बघा, जिता हाय, पाणी पितोय, आता सुया बंद. वाटीभर पाणी ठेवलं. तो सगळं प्यायला.

आक्कानं चष्मा लावला. त्याच्याकडं बघितलं, फाटक्या कानाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्ये त्येच कुत्रं हाय, कशावरनं?"

मी म्हणाले, आक्का, तोच की. शेपूट बघा. पण बोलता बोलताच मला कळलं की माझ्याकडं दाखवायला काही नाही. तसली शेपूट मुरगुडात झाडाखाली दोघांना होती. तो तिच्या गार फरशीवर जाऊन नेहमीच्या जागी पसरला. आक्का म्हणाली, असंल त्येच. मी न्हाय म्हणत न्हाय. उद्या आठला तयार ऱ्हा.

पुढच्या सातही सुया तिनं घेतल्या. गरज नसताना, सुजलेल्या पोटावर, आणि तो धडधाकट कुत्रा रोज आम्हाला रिक्षापर्यंत पोचवायला यायचा. डॉक्टरांनीही तिला समजावलं. ती म्हणाली, कुत्रं ह्या पोरीनं आणलंय. बस्स. त्या सात सुयांपैकी एकही मी माझ्या पोटावर घेऊ शकले नाही, एवढंच दुःख.

खोली सोड असं ती कधी म्हणाली नाही. त्यानंतर दर वर्षी मी कुत्र्याला टोचून आणलं की कार्ड घेऊन खाली जायचे. तिनं मागितलं नव्हतं, मीच न्यायचे. ती चष्मा लावून तारीख वाचायची, शिक्का उजेडात धरून बघायची आणि परत द्यायची. हळूहळू बोलायलाही लागली, भाजी द्यायला लागली, माझ्या वडिलांच्या दहाव्याला सगळं घर तिनं सांभाळलं. पण कार्ड मात्र वाचायचीच.

दोन हजार पाचच्या सुमारास तिची नजर गेली. कुत्राही म्हातारा झालेला, दात पडलेले, जिना उतरायला त्याला उचलून घ्यावं लागायचं. त्या वर्षी मी कार्ड घेऊन गेले तर तिनं ते बोटांनी चाचपलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाली, वाच.

त्या वर्षी टोचायला पंधरा दिवस उशीर झाला होता. मी तारीख वाचली, आणि कधी टोचायला हवं होतं तेही सांगितलं.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"केला, आक्का."

तिनं मान हलवली. मग उजवा हात पुढं केला, तोच, अंगठ्याखाली दोन पांढरे डाग असलेला, आणि कुठं हाय त्ये, असं विचारलं. मी कुत्र्याला उचलून जवळ नेलं. ती त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत गेली आणि फाटक्या कानाशी थांबली.

"त्येच हाय," आक्का म्हणाली.