परत आलेली चॉकलेटं

हे गेले आणि यवतमाळचं घर बंद करून मी मुलाकडे कोथरूडला आले. मुलगा-सून दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी साडेसातला कंपनीची बस त्यांना घेऊन गेली की घरात उरायचो दोघी, मी आणि चौथीतली नात. तो पाऊण तास आमचा. मी तिच्या केसांना चोपून खोबरेल लावायची, दोन घट्ट वेण्या घालायची आणि ती अखंड बडबडायची. ती शाळेत गेली की मग दिवसभर मी आणि समोरच्या बिल्डिंगच्या बंद खिडक्या. बोलणार कोणाशी? म्हणून तर ही वही घेतली, शाळा माझी दुसरीतच सुटली होती तरी.

तर नातीचा वाढदिवस आला. तिच्या शाळेत पद्धत अशी, की त्या दिवशी युनिफॉर्म नाही, रंगीत फ्रॉक घालून जायचं. आधी आपल्या वर्गात चॉकलेटं वाटायची, मग एका मैत्रिणीला बरोबर घेऊन बाकीच्या वर्गांतल्या बाईंना द्यायची. ती मैत्रीण कोण, याला मुलींमध्ये फार मान. मी आठवडाभर विचारतेय, "कोणाला नेणार गं?" ती आपली म्हणायची, "बघू."

दुपारी ती परत आली ती पिशवी जशीच्या तशी घेऊन.

"अगं, वाटली नाहीस?"

"कोणी घेतलीच नाहीत. तेलाचे हात लागलेत म्हणाल्या."

"आणि दुसऱ्या वर्गांतल्या बाईंना?"

"एकटी कशी जाणार?"

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. जूनपासून तिला वर्गात 'तेलाची बाटली' म्हणत होते. तिच्या बाकावर बसायची वेळ आली तर पोरी रुमाल अंथरून बसायच्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वेण्या घालायला आवडतं ना," ती म्हणाली.

आता सांगा, काय करावं माणसानं!

मुलाला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, आम्हालाही चिडवायचे. विसरतात गं मुलं."

दुसऱ्या दिवशी मी तीच पिशवी घेऊन सरळ तिच्या वर्गात शिरले. आमच्या गल्लीत पोरांची भांडणं अशीच मिटायची. मोठ्या माणसानं चारचौघांत झापायचं, हातावर खाऊ ठेवायचा, की झालं.

"कोण गं चिडवतं तुला? दाखव बोट!"

ती फरशीकडे बघत राहिली. मग मी एकेकीच्या हातात चॉकलेट कोंबलं. सगळ्यांनी मुकाट्यानं घेतलं. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

बाईंनी मला बाहेर नेलं. "आजी, ओरडायला मी आहे. मला त्याचा पगार मिळतो." मग जरा नरमून म्हणाल्या, "तुम्ही आता घरी जाल. तिला अजून पाच तास इथंच बसायचंय."

त्या दिवसापासून ती स्वतःच केस विंचरायला लागली. कोरडे केस, एक पोनी. आमचा सकाळचा पाऊण तास मुका झाला.

"शाळा कशी झाली?"

"बरी."

संपलं.

बाईंनी काय केलं ते मला पुढे पालकसभेत कळलं. नातीला आधी विचारलं, "मी काय केलं तर तुला बरं वाटेल?" हे काही मला सुचलं नव्हतं हो. मग पोरींना एकेकटीला बोलावलं. चिडवणाऱ्यांना तर बोलावलंच, नुसतं हसणाऱ्यांना आणि गप्प बसणाऱ्यांनाही. चिडवणाऱ्या दोघींच्या आईवडिलांशी बोलल्या. डब्याच्या सुट्टीत टीचर्स रूममध्ये न जाता महिनाभर वर्गातच जेवल्या, रोज वेगळ्या बाकावर, मुलींच्या दाटीत. सगळं एका दिवसात थांबलं नाही, पण थांबलं.

माझ्याशी मात्र ती अजून गप्पच होती. आणि एका रविवारी आपणहून तेलाची बाटली घेऊन आली, माझ्याकडे पाठ करून बसली.

"थोडंच लाव. संध्याकाळी धुणारे मी."

माझ्या ओठांवर दहा प्रश्न आले. गिळले. नुसती बोटं फिरवत राहिले. मग ती म्हणाली, "काल एकीनं माझ्या डब्यातली चटणी मागितली."

"हं."

"जवसाची. तिला आवडली."

"हं."

ती एक कोण, ते मी विचारलं नाही. आजही मला तिचं नाव माहीत नाही.