कनातीखालचा हात

या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि बऱ्याचदा हसते. भूत पिंपळावरच का बसतं, त्याला बाभूळ चालत नाही का... असल्या शंका मला लहानपणापासून. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. थोडंसंच.

निजामाचं राज्य होतं. गेवराईकडची आमची मुलींची शाळा थंडीतले पाहुणे पक्षी बघायला गोदावरीच्या वाळवंटात निघाली. पडदे लावलेल्या बैलगाड्या, आणि नदीवर पोचल्यावर भोवती कनात – काठ्यांवर ताणलेली कापडी भिंत. आम्ही निसर्ग बघायचा, पण निसर्गानं आम्हाला बघायचं नाही! कापडाच्या फटीला डोळा लावून मी मोठी पक्षीतज्ज्ञ झाले होते. वेणीला तेल, नाक वर, आणि वर्गात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही ही खात्री.

सोबत धाकटी बहीण वत्सी. निघताना आईनं बजावलं होतं, "तिचा हात सोडू नको. गंगा हाय ती." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

वत्सी फटीपर्यंत पोचेना, रडकुंडीला आली. मी पडद्याच्या वयाची, मला बाहेर जायची मुभा नव्हती. मग मी युक्ती काढली – वत्सी कनातीखालून सरपटत बाहेर, मी आत, आणि कापडाखालून तिचा हात माझ्या हातात. आईचा शब्द राहिला, पोरीची हौसही फिटली. काय पण अक्कल!

बाहेरून ती सांगत होती, ताई, केशरी बदकं... ताई, केवढा बगळा. मध्येच तिनं हात सोडवला. मी हाक मारायच्या आत तो परत आला. गार, ओला. पाण्यात बुचकळला असेल, म्हटलं. पाणी तिथून बरंच लांब होतं, हे शहाणीच्या डोक्यात आलं नाही. वत्सीची बडबड थांबलीय, हेही नाही.

मग हात ओढू लागला. खेळतेय वाटून मीही हसत ओढलं. पण तो जोर वत्सीचा नव्हता... माझा दंड बाहेर गेला, गाल वाळूला टेकला. मी दोन्ही हातांनी, नखं रुतवून धरून ठेवलं.

तेवढ्यात बाहेरून राहीबाईचा, आमच्या शाळेतल्या आयाचा, आवाज आला – पोरगी पाण्यात हाय! आमच्या वर्गाच्या बाईंनी कनात उचलली. माझ्या मुठीत काहीच नव्हतं. समोर सपाट वाळू, आणि तिकडं लांब वत्सी गळ्याइतक्या पाण्यात उभी. एक हात पुढं ताणलेला, एक मागं. राहीबाईनं धावत जाऊन तिला काढलं.

गाडीत घोंगडीत गुंडाळलेल्या वत्सीच्या मनगटावर नखांचे वळ होते. मी दरडावून विचारलं, "पाण्यात कशाला गेलतीस?"

"तूच न्हेत होतीस की," ती म्हणाली. "आन तूच मागं वढत होतीस. दोनी हात तूच धरलते, ताई."

ऊन लागलं असेल, लहान पोर घाबरलं असेल... सगळं लावून पाहिलं. वळ कशानं उठले, ते कशातच बसत नाही. मला आजही कळलेलं नाही.

वत्सीला आता पणतू आहे. पायरी उतरताना मी हात पुढं केला, की आधी माझ्या तोंडाकडं निरखून बघते. मग धरते. कधीकधी धरत नाही.