शेवटचं कडवं

"मावशी, तुम्ही खाली सतरंजीवर बसा. तिथून आवाज चांगला लागतो."

सरांनी हे माइकवरूनच सांगितलं. नगरचा हॉल भरलेला. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या मोकळ्या होत्या, मी पाहिल्या. तरी बसले सतरंजीवर. सांगितलं तिथं बसायची सवय अंगात मुरलेली.

सर कॉलेजात मराठी शिकवतात. त्या दिवशी त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात ते कारखान्यावर, आमच्या पाचटाच्या झोपडीवर, कोपीवर, आले होते. मोबाईल पुढं धरून माझी गाणी भरून घेतली. "तुमचं नाव होईल मावशी," म्हणाले होते.

पुस्तक माझ्या हातात दिलं, फोटोपुरतं. मी ते उघडून वाचायला लागले. हंगामाला शाळा बुडायची, तरी सातवीपर्यंत शिकलेय मी. सरांनी ते कधी विचारलंच नाही. माझं गाणं सापडलं.

पाचट चिरी हात, आई चिंधी बांधिती
चिंधी भिजं रगतानं, आई ऊस साळिती

खाली बारीक अक्षरात: पारंपरिक. रचनाकार अज्ञात.

अज्ञात! आणि मी त्यांच्या पायापाशी बसलेली.

आई गेली त्या हंगामात फडात ऊस तोडता तोडता मी हे रचलं. आईचा एकही फोटो नाही. तिचे हात कसे होते ते फक्त या गाण्यात आहे. ते पारंपरिक कसं? माझ्या आईला काय गावानं जन्म दिला होता?

तेवढ्यात सर म्हणाले, "आता ऐकूया. आमच्या मावशी अंगठेबहाद्दर, पण गळा बघा!" लोक हसले. कौतुकानं हसले, ते जास्त लागलं.

मी उभी राहिले. गायले. आणि शेवटचं कडवंही गायले.

आमच्याकडं रीत आहे. रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, म्हणजे गाणं कुणाचं ते ऐकणाऱ्याला कळतं. माझ्या कडव्यात माझं नाव आहे, आईचं आहे, आमच्या पाथर्डीकडच्या गावाचं आहे. पुस्तकात ते नव्हतं.

सरांनी माइक काढून घेतला. "हे कडवं मूळ गाण्यात नाही बरं का. मावशींनी आत्ता उत्साहात जोडलं."

टाळ्या पडल्या.

आता माझी चूक सांगते. कोपीवर गाताना सासरे समोर बसले होते. सासऱ्यांपुढं सुनेनं स्वतःचंच नाव गाऊन दाखवायचं? डोक्यावर पदर ओढला आणि शेवटचं कडवं गिळलं. याला आमच्याकडं मर्यादा म्हणतात. सरांच्या मोबाईलमध्ये ते कडवं खरंच नव्हतं. त्यामुळं राग आला तो त्यांचा आला, आणि माझाही आला.

"सर, हे गानं म्या रचलंय."

"मावशी, लोकगीत कुणा एकाचं नसतं. ते मातीचं असतं."

मग पुस्तकावर ठसठशीत नाव कुणाचं? मातीचं? हे मला परतीच्या एसटीत सुचलं. वरातीमागून घोडं. पण तिथं एक केलं. त्यांनी शाल पुढं केली, तेव्हा हात पाठीमागं धरून उभी राहिले. शाल तशीच त्यांच्या हातात राहिली. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

घरी आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. ती बारावी झालेली. दोन दिवस मोबाईलवर शोधत होती. मग म्हणाली, "आत्या, गानं रचलं तवाच त्याचा हक्क तुमचा झाला. पर उद्या कुनी न्हाई म्हनलं, तर दाखवायला कागद पायजे. कॉपीराइटची नोंदनी करायची."

मी वहीत गाणं लिहून काढलं. आधी शेवटचं कडवं लिहिलं, मग बाकीचं. सासरे ओसरीवर होते. मी ते मोठ्यानं गाऊन पाहिलं, पदर न ओढता. ते उठून गेले.

टोळीच्या मुकादमाचा निरोप आला; सरांना कोपीवर त्यानंच आणलं होतं. "सरांशी वाकडं घेऊ नको. पुढल्या साली टोळीत जागा मिळायची न्हाई." टोळी नाही तर काम नाही. मला रात्रभर झोप नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? अजून वाटते.

तरी अर्ज भरायला बसलो. मधेच सून थांबली. "आत्या, ज्याचा गान्यावर दावा आसंल, त्याला आपुनच कळवावं लागतं. मंजी सरांना. कळवायचं?"

"कळव. रजिस्टरनं."

म्हणजे पोस्टमन पाकीट घेऊन त्यांच्या दारात उभा राहील, आणि घ्यायचं तर त्यांना सही करावी लागेल. आत रचनाकार म्हणून माझं पूर्ण नाव आहे. पाकिटावरचा पत्ता मी माझ्या हातानं लिहिला.

हरकत घ्यायला त्यांना एक महिना आहे. घेऊ देत. सुनावणीला बोलावलं तर जाईन. खुर्ची असेल तर खुर्चीवर बसेन, नसेल तर मागून घेईन. साहेब म्हणतील, गाणं म्हणून दाखवा. म्हणेन.

आणि सुरुवात शेवटच्या कडव्यापासून करेन.