धाकट्या जाऊचा नंबर

फाल्गुन लागता लागता अंबडच्या रानात मोसंबी फुलते आणि त्या शुभ्र फुलांचा गोड, किंचित उग्र परिमळ आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. यंदा त्या गंधात मी आणि माझी धाकटी जाऊ शीतल, आम्ही दोघी लॉ सीईटीचा अभ्यास करत होतो.

वकील होण्याचे स्वप्न खरे तर माझे. शाळेत जाताना कोर्टाच्या फाटकापाशी काळ्या कोटातली एक बाई दिसे. तिच्याशी बोलताना भलेभले पुरुष आवाज खाली आणत. लग्न, लेकरे यांत मिटून गेलेले ते स्वप्न मी यंदा उघडले आणि सोबत हवी म्हणून शीतललाही ओढले. ती भोकरदनची, नुकतीच बी.ए. झालेली. "वकिलीतलं मला काहीच कळत न्हाई, ताई," असे म्हणणारी!

आणि तीच पुढे निघाली. मी एखादे कलम पुन्हा पुन्हा घोकावे. तिने भाकरी थापता थापता ते ऐकावे आणि संध्याकाळी मलाच समजावून सांगावे! सराव परीक्षेतले तिचे गुण पाहिले की मी माझा कागद घडी करून वहीत सारी. जवळच्या माणसाचे यश इतके का बोचते? दूरच्या डोंगराच्या उंचीचा हेवा कुणी करत नाही. शेजारच्या झाडाची सावली मात्र आपल्याच अंगणात पडते.

निकाल लागला. तिला संभाजीनगरचे लॉ कॉलेज मिळाले. माझा नंबर कुठेच लागला नाही. सासूबाई पेढे वाटत होत्या, मी हसत होते आणि हसून हसून गाल दुखत होते. शीतल माझ्यामागून परसात आली.

"ताई, मी जात न्हाई. सपन तुमचं अन् जागा मला? हे बराबर न्हाई."

'नको जाऊस' हे शब्द अगदी ओठांवर आले. किती गोड लागले असते ते!

"येडी का तू?" मी म्हणाले. "मी जळून राह्यले तुझ्यावर, बिलकुल खरं सांगते. पण तू घरी बसलीस तर मंग कुणावर जळू? जा. पुस्तकं तेवढी इथं ठेव."

ती रडता रडता हसली. "अन् पुढच्या साली तुम्ही आल्या तर?"

"तर मी तुझी ज्युनिअर. तवा कॉलेजात मला ताई म्हणायचं न्हाई."

तिची बस गेली. हेवा मात्र गेला नाही; तो माझ्याबरोबर घरी आला, समोर ठाण मांडून बसला, आणि मी पहिले प्रकरण पुन्हा वाचायला घेतले.